एकेचाळीस दिवस आणि एक कपलर : कोरेगाव तालुक्यातल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरचं प्रकरण

१९ ऑगस्ट २०२४, राखी पौर्णिमा. दिवेलागणीला ताईच्या दारात छोटा हत्ती येऊन थांबला आणि त्यातून तिची इलेक्ट्रिक स्कूटर उतरवली. ४१ दिवसांनी गाडी घरी आली होती. ताईनं आधी मला ओवाळलं आणि त्याच ताटातलं हळदकुंकू गाडीला लावलं. शेजारच्या दोन-तीन बायका बघायला आल्या होत्या. ‘झाली का एकदाची?’ असं विचारून गेल्या.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, रहिमतपूरच्या रस्त्याला भुरभुर पावसात तीच गाडी पहिल्यासारखीच बंद पडली.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. गाडी बिघडणं मला नवीन नाही. पण या एका गाडीच्या मागे लागल्यावर जे दिसलं ते सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण इलेक्ट्रिक दुचाकी गावात का टिकते आणि का टिकत नाही, याचं उत्तर मला त्यात सापडलं. कंपनीचं नाव मी घेत नाही. हे कमीजास्त फरकानं कुणाच्याही बाबतीत घडू शकलं असतं.

ताई आरोग्य विभागात आशा गटप्रवर्तक आहे. तिच्या हाताखालच्या आशाताई वेगवेगळ्या गावांत, त्यामुळे रोजचा फेरा ३५-४० किलोमीटरचा. पेट्रोल लिटरला १०० च्या वर गेल्यापासून तिचा निम्मा प्रवासभत्ता टाकीतच जायचा. मे २०२३ मध्ये तिनं ही स्कूटर घेतली. केंद्राच्या फेम-२ योजनेत तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या दर युनिटमागे) १५,००० रुपये अनुदान होतं. १ जूनपासून ते १०,००० वर येणार, शिवाय गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांऐवजी जास्तीत जास्त १५ टक्केच मिळणार, हे जाहीर झालं आणि त्या महिन्यात शोरूमला झुंबड उडाली. त्याच गर्दीत ताईही होती. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. साडेतीन युनिटांत बॅटरी भरायची आणि दोन दिवस चालायची. तिच्या गाडीकडे बघून गल्लीतल्या तीन घरांनी चौकशी केली. एकानं तर बुकिंगचे पैसेही भरले.

मग जुलै उजाडला. चालती गाडी एकदम ओढ सोडायची. डिस्प्ले चालू, दिवा चालू, हॉर्न वाजतोय, पण ॲक्सिलरेटर पिळला तरी चाक हलत नाही. दोन मिनिटं थांबून बंद-चालू केली की पुन्हा पळायची. ९ जुलैला मात्र ती चालूच झाली नाही. सातारचं सर्व्हिस सेंटर तिच्या गावापासून २५ किलोमीटरवर. टेम्पो करून गाडी पाठवली आणि ताई वडापनं फिरायला लागली.

मी तेव्हा हात लावला नाही याची मला अजून रुखरुख आहे. वॉरंटी जाईल, कंपनीचे लोक बघतील, असं म्हणून मी बाजूला राहिलो.

जॉब कार्ड वाचताना

गाडी दुसऱ्यांदा बंद पडल्यावर मी सर्व्हिस सेंटरच्या मालकांना भेटलो आणि जॉब कार्डाची, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदाची, प्रत मागितली. माणूस भला. प्रत दिली, वर कॉम्प्युटरमधल्या नोंदीही दाखवल्या. त्यांच्याच टेबलावर बसून आम्ही दोघांनी ४१ दिवसांचा हिशेब मांडला.

पहिले ९ दिवस गाडी नंबर लागायची वाट बघत शेडमध्ये उभी होती. पुढचे ६ दिवस लॅपटॉपची वाट बघण्यात गेले. निदान करायचं सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर, त्याचा पासवर्ड एकाच टेक्निशियनकडे, आणि तो पोरगा नोकरी सोडून गेलेल्या आधीच्या माणसाचंही काम ओढत होता. लॅपटॉप लावल्यावर बॅटरी आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) यांच्यातल्या संपर्काची एक जुनी चूक नोंदीत दिसली. त्यावरून कंट्रोलर बदलायचं ठरलं आणि पार्ट यायला १९ दिवस गेले. मग वॉरंटीच्या मंजुरीला ५ आणि गाडी परत पोचवायला २.

मी मालकांना विचारलं, ‘या ४१ दिवसांत गाडीवर पान्हा किती वेळ चालला?’

त्यांनी नोंद बघितली. सगळं मिळून ३ तास.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटला. आपण धरून चालतो की इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती अवघड असल्यामुळे तिला वेळ लागतो. इथं दुरुस्तीला वेळ लागलाच नव्हता. गाडीनं नुसती वाट बघितली होती, आणि ती वाटही चुकीच्या पार्टची.

वर्कशॉपमधल्यांवर सगळं खापर फोडणं मात्र बरोबर नाही. वॉरंटीत केलेल्या कामाची मजुरी कंपनी ठरलेल्या दरानं देते, आणि ती पार्ट बदलला की मिळते. बिघाड शोधण्यात घातलेल्या दोन तासांचे वेगळे पैसे नाहीत. मग टेक्निशियनचा कल साहजिकच पार्ट बदलण्याकडे जातो. त्याला कुणी तसं सांगत नाही, पण पद्धतच त्याला तिकडं ढकलते.

हिरवट पिना

रहिमतपूरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. तो पेट्रोलच्या गाड्या करतो. ताईची गाडी रस्त्यात बंद पडली ती त्याच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून ढकलत तिथं नेली. मी संध्याकाळी पोचलो तोवर त्यानं काहीही उघडलेलं नव्हतं. नुसते प्रश्न विचारले होते.

‘मावशी, बंद पडती तवा पाऊस असतोय का?’

‘असतोच की. नाहीतर खड्ड्यात आदळली की.’

‘गाडी धुता कुठं?’

‘धुताना मी कुठं बघतीय? पोरगा वॉशिंग सेंटरला नेतो दर रविवारी.’

तो माझ्याकडे वळला. ‘सर, साइड स्टँडचा स्विच बघितलाय का कुणी?’

साइड स्टँड खाली असेल तर मोटर फिरू नये, ही सुरक्षेसाठी केलेली सोय. स्टँडपाशी एक छोटा स्विच असतो आणि त्याच्या वायरी पायदानाखालच्या कपलरला, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या जोडाला, जातात. त्यानं पायदानाचे स्क्रू काढले, प्लॅस्टिक वर उचललं आणि टॉर्च धरला. कपलर मातीत लडबडलेला होता. खटका दाबून तो सोडवला तेव्हा आतून पाण्याचे दोन थेंब त्याच्या अंगठ्यावर पडले. पितळेच्या पिना दिसतच नव्हत्या. देवघरातलं तांब्याचं भांडं महिनाभर घासायचं राहिलं की जसा थर चढतो, तसा हिरवट थर त्यांच्यावर चढला होता.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून त्यानं जुन्या टूथब्रशनं पिना घासल्या, हवेनं सुकवल्या आणि मल्टीमीटर लावून कंटिन्युटी, म्हणजे वीज सलग जातेय का ते, बघितली. मल्टीमीटर वाजला. मग कपलरमध्ये पाणी आत येऊ न देणारं थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून, बाहेरून टेप गुंडाळून, तोंड खाली राहील अशा बेतानं तो क्लिपनं अडकवला. स्टँड वर केला, ॲक्सिलरेटर हलकेच पिळला. चाक फिरलं. पाऊण तास लागला.

ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती यापुढची. लॅपटॉपला हे का दिसलं नाही? कारण ‘स्टँड खाली आहे’ हा बिघाडच नाही. गाडी रोज दहा वेळा स्टँडवर लावली जाते. सॉफ्टवेअरच्या लेखी ती नेहमीची स्थिती, त्यामुळे लाल अक्षरात काही येत नाही. गाडीला खरोखर वाटत होतं की आपण स्टँडवर उभे आहोत. लॅपटॉप गाडीला काय वाटतंय ते दाखवतो. तिला जे वाटतंय ते खरं आहे का, हे वाकून माणसानंच बघावं लागतं.

आणखी एक गैरसमज इथं सांगायला हवा. शोरूममध्ये ‘आयपी ६७ आहे, पाण्याची भीती नाही’ असं ताईला सांगितलं होतं. ते खरंच आहे, पण बॅटरीच्या पेटीपुरतं. ती पेटी १ मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिली तरी आत पाणी जाऊ नये, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पायदानाखालच्या साध्या कपलरला तो लागू होत नाही. त्यावर दर रविवारी प्रेशरच्या पाण्याचा झोत मारला तर काय होईल, हे विकतानाच सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

मिस्त्री जवळ असण्याची किंमत

१९७२ पासून बजाज चेतकनं या राज्यात संसार ओढले. गाडी बंद पडली की तिरकी करायची, पुन्हा उभी करायची आणि किक मारायची, हे घरातल्या बायकांनाही ठाऊक होतं. त्यानंही नाही झालं तर कोपऱ्यावर मिस्त्री. प्लग साफ, कार्बोरेटर साफ, चहा, आणि गाडी चालू. तेच चेतक नाव जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बेंगळुरूत विजेवर परत आलं. गाडीबरोबर कोपऱ्यावरचा मिस्त्री मात्र परत आला नाही. ही कुणा एका कंपनीची गोष्ट नाही. सगळ्यांनी आधी गाडी विकली आणि दुरुस्तीचं नंतर बघू म्हणाले.

याचा परिणाम देशभर दिसला. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात एका मोठ्या स्कूटर कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तिला कारणे दाखवा नोटीस काढली. (हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतूनही बोलता येतं. लक्षात ठेवावा.)

गावात तक्रारीचा आकडा कुणी मोजत नाही, पण हिशेब होतो. त्या ४१ दिवसांत ताईनं वडाप आणि एसटीला ३,२८० रुपये घातले. कंपनीचा एक कंट्रोलर फुकट गेला. सगळ्यात मोठा तोटा मात्र कुणाच्याच वहीत नाही : बुकिंग केलेल्या शेजाऱ्यानं ते रद्द करून पेट्रोलची गाडी घेतली आणि बाकी दोन घरांनी विषयच सोडला. ताईच्या ओट्यासमोर रिकामी पडलेली स्कूटरची जागा सगळ्या गल्लीला रोज दिसत होती. शोरूमच्या फलकावर कितीही मोठी ‘रेंज’ छापली तरी त्या रिकाम्या जागेपुढे तिचं काही चालत नाही.

अनुदानाचा टेकूही आता बारीक होत चालला आहे. फेम-२ मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचीच पीएम ई-ड्राइव्ह योजना आली, त्यात दर किलोवॅट-तासाला ५,००० रुपये होते आणि तेही पहिल्या वर्षापुरते, पुढच्या वर्षी त्याच्या निम्मे. स्वस्त मिळतेय म्हणून घेणारा गिऱ्हाईक कमी होणार. मग जो उरेल त्याचा पहिला प्रश्न असेल, ‘बंद पडली तर कुठं न्यायची?’

काय बदललं

सर्व्हिस सेंटरच्या मालकांना मी तो हिरवट कपलर नेऊन दाखवला. (ताईच्या गाडीला पुढे आम्ही नवा स्विचच बसवला.) ते बराच वेळ हातात धरून बसले. म्हणाले, ‘सर, अशा किती गाड्यांचे कंट्रोलर आम्ही बदलले असतील?’ त्यानंतर महिनाभर आम्ही बसून जे ठरवलं, त्यातलं काही चाललं आणि काही फसलं.

पहिली गोष्ट वीस मिनिटांची. गाडी आली की लॅपटॉपच्या आधी गिऱ्हाईकाशी बोलायचं, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर लिहायचं. ‘मोटर कट-ऑफ’ असं न लिहिता ‘पावसात ओढ सोडते, थांबून चालू केली की पळते’ असं. ताईनं हेच वाक्य ९ जुलैला तिथल्या मुलाला सांगितलं होतं. ते कार्डावर कुठंच नव्हतं. मग ठरलेल्या क्रमानं हातानं तपासायचं : १२ व्होल्टची छोटी बॅटरी, फ्यूज, साइड स्टँडचा स्विच, दोन्ही ब्रेकलिव्हरचे स्विच, ॲक्सिलरेटरचा कपलर, मग बॅटरीचा मोठा कपलर. १२ व्होल्टची बॅटरी पहिली का, तर ती उतरली की मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडते आणि लोकांना वाटतं हजारो रुपये गेले. एवढं करून सापडलं नाही तरच लॅपटॉप.

दुसरी गोष्ट पत्र्याच्या एका डब्याची. वरच्या तपासणीत जे निकामी निघू शकतं ते सगळं, म्हणजे स्विच, फ्यूज, कपलर, पिना, एक-दोन छोट्या बॅटऱ्या, आधीच आणून ठेवायचं. एका कंट्रोलरच्या किमतीत असा डबा भरतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वाद घालून झाली. कोरेगाव आणि रहिमतपूरच्या एकेका गॅरेजवाल्याला सोबत घ्यायचं. मालकांना भीती होती की बाहेरच्यानं हात लावला तर कंपनी वॉरंटी नाकारेल. ती भीती खरी होती. मार्ग असा काढला की गॅरेजवाला गाडी बघायच्या आधी सेंटरला फोन करतो, जॉब कार्ड सेंटरच्या नावानं फाटतं, आणि काय केलं त्याचे फोटो त्याला जोडले जातात. कंपनीच्या विभागीय माणसाकडून हे लेखी घेतलं. गॅरेजवाल्याला त्याची मजुरी सेंटर देतं, बिघाड शोधण्याचीसुद्धा. पार्ट बदलला नाही तरी.

त्या दोघांना आणि सेंटरच्या मुलांना आम्ही चार रविवार आमच्या वर्कशॉपमध्ये बसवलं. काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही यावर मी जास्त वेळ घालवला. बॅटरीची पेटी उघडायची नाही, कितीही मोह झाला तरी. स्कूटरचा व्होल्टेज कमी असतो म्हणून पोरं निर्धास्त होतात, पण दोन टोकांवर चुकून पान्हा पडला तर तो वितळेल एवढा करंट त्यातून वाहतो. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवायची. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या, मग एआयएस-१५६ या मानकात बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं कडक झाले, हे त्यांना सांगितलं, कारण नियमामागचं कारण कळलं की हात आपोआप आखडतो. आयटीआयमध्ये आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा स्वतंत्र ट्रेड आहे. पण आज गॅरेज चालवणारा चाळिशीतला माणूस पुन्हा दोन वर्षं बाकावर बसू शकत नाही. त्याच्यापर्यंत आपणच जायला हवं.

चौथी गोष्ट फोनची. दर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला फोन जातो, सांगायला नवीन काही नसलं तरी. ताईच्या ४१ दिवसांत तिला एकही फोन आला नव्हता, आणि तिचा खरा राग त्यावर होता. ‘गाडी आजारी पडली तर समजतं मला,’ ती म्हणाली होती, ‘पण दवाखान्यातनं कुणी काय सांगतच नाही म्हटल्यावर?’

फसलेलंही सांगतो. गिऱ्हाईकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, त्यावर एकाच्या तक्रारीला दहा जण जोर द्यायला लागले आणि पंधरा दिवसांत तो बंद करावा लागला. घरून गाडी नेणं-आणणं मोफत ठेवलं, ते डिझेलच्या खर्चात बसेना. मग मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार ठरवून, वाटेवरच्या सगळ्या गाड्या एकदमच आणायला सुरुवात केली. ते चाललंय. आणि लॅपटॉप अजून एकच आहे. दुसऱ्या लॉगिनचा अर्ज कंपनीकडे पडून आहे. ग्राहक व्यवहार खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि पार्टचे दर ग्राहकाला कळावेत हा त्यामागचा हेतू, आणि त्यात वाहनक्षेत्रही आहे. निदानाचं सॉफ्टवेअर स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचेल तेव्हा या हेतूला हातपाय फुटतील. आज तरी बिघाडाची नोंद पुसायला सातारलाच जावं लागतं.

जुन्या गाडीचा भाव

विक्रीसाठी एकच गोष्ट आम्ही मुद्दाम केली. पेट्रोलची स्कूटर पाच वर्षं वापरून विकली तरी बरे पैसे येतात, कारण घेणारा किक मारून, आवाज ऐकून पारखतो. इलेक्ट्रिक गाडीत पारखायचं काय? बॅटरीत किती जीव उरलाय ते बाहेरून कळत नाही, म्हणून घेणारा सगळ्यात वाईट तेच धरतो आणि भाव पाडतो. ही भीती नवीन गाडी घेणाऱ्यालाही मागे खेचते.

लॅपटॉपवर बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत दिसते. सेंटर आता दर सर्व्हिसिंगला ती तारखेसह आणि किलोमीटरसह छापील पावतीवर देतं, शिक्का मारून. ताईनं आपल्या पावत्या आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात एकावर एक ठेवल्यात. दारावर आलेल्या माणसाला ती आधी तेच पाकीट दाखवते.

जुलै २०२५ मध्ये मी रहिमतपूरच्या गॅरेजवर गेलो होतो. बाहेर रिपरिप चालू होती. आत एक माणूस उभा होता, तो ताईचा शेजारी, बुकिंग रद्द केलेला. त्याच्या पेट्रोल गाडीचं ऑइल बदलायचं काम चाललं होतं आणि पलीकडे कुणाची तरी हिरव्या नंबरप्लेटची स्कूटर पायदान उघडून ठेवली होती. तो त्या स्कूटरपाशी उकिडवा बसला.

‘सुनेसाठी घ्यावी म्हणतोय,’ तो म्हणाला, ‘शाळेवर जाती ती.’ मग गॅरेजवाल्याकडे बघून, ‘ते कपलर का काय म्हणत्यात, ते ह्यात कुठाय? दाव की जरा.’

गॅरेजवाल्यानं हात पुसले, टॉर्च घेतला आणि त्याच्या शेजारी बसला.